लढाई भारी की गोष्ट?

पनवेल हे हार्बर मार्गाचं टोक. सीएसएमटीची लोकल इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि पुढचा सव्वा तास बोलायला मोकळा असतो. कॉलेजच्या मुलांच्या शेजारी बसलं की एक वाद हटकून कानावर येतो. एकाचं म्हणणं, ‘विचर ३’ची स्टोरी एक नंबर, पण कॉम्बॅटमध्ये काय आहे? बाजूला उडी मारायची, तलवार फिरवायची, पुन्हा उडी. दुसरा उसळतो: स्टोरीच पाहिजे तर वेब सिरीज बघ ना, गेम घेतला की हाताला काम पाहिजे, ‘एल्डन रिंग’ खेळून बघ. तिसऱ्याच्या मते ‘बाल्डर्स गेट ३’पुढे दोन्ही फिके. पण त्यात लढाई पाळीपाळीने होते. आपण एक चाल करायची, मग शत्रूची वाट बघायची. पहिल्या दोघांना नेमकी ती वाट बघणंच सहन होत नाही.

मला हा वाद पोरखेळ वाटत नाही. अद्भुत कथा, त्यात आपण घेतलेलं सोंग, आणि त्या सोंगाच्या हातातली तलवार, या तिघांचं आपसात जमत नाही ही तक्रार गेम येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. ती मराठीतही झालेली आहे, तावातावाने झालेली आहे. तिचा माग काढायला पनवेलसारखं दुसरं गाव नाही, कारण ती ज्या दोन वाटांनी मराठी माणसापर्यंत आली त्या दोन्ही इथे येऊन मिळतात. एक कोकणातली, दुसरी घाटावरची. तिसरी वाट मात्र समुद्रापलीकडून आली.

कोकणातली आधी घेऊ. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो आणि रायगड, रत्नागिरी ओलांडून सिंधुदुर्गात शिरतो. तिथे दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम लागला की देवळापुढे रात्र रात्र दशावतार रंगतो. समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख येतो, म्हणजे सतराव्या शतकात हे नाव लोकांच्या तोंडी होतं. या नाटकाला लेखी संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कथेचे टप्पे सांगितले जातात, पात्रं वाटली जातात. कोणाकडे राजपार्ट, कोणाकडे राक्षस, कोणाकडे स्त्रीपार्ट. मग जो तो आपापला रंग लावायला बसतो. बोलायचं काय हे रंगमंचावर उभं राहिल्यावर, समोरच्याने काय टाकलं ते ऐकून सुचायचं. एखाद्याने अवघड प्रश्न टाकला आणि दुसऱ्याला पुराण नीट ठाऊक नसलं, तर सगळ्या गावासमोर फजिती. अमेरिकेत १९७४ साली टेबलाभोवती बसून ज्या प्रकारच्या खेळाला नवं म्हटलं गेलं, त्यातला अर्धा ऐवज वालावल–मोचेमाडच्या दशावतारी पेटाऱ्यात आधीपासून होता.

मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, मोरावर बसलेली सरस्वती येते, आणि मग वेद चोरणारा काळा संकासुर. तो मालवणीत बोलतो, लोकांना हसवतो, ब्रह्मदेवाची टर उडवतो, आणि शेवटी विष्णूशी लढून मरतो. वेद चोरीला जाणं, चोराशी बोलणं, चोराशी लढणं, वेद परत मिळणं: कुठल्याही फँटसी गेमची पहिली कामगिरी अशीच असते. पुढच्या आख्यानात युद्ध आलं की मृदंग आणि झांज चढतात आणि तलवारी त्या तालावर फिरतात. मग ताल थांबतो. राक्षस बोलतो, राजा उत्तर देतो, शब्दाला शब्द वाढतो आणि पुन्हा झांज कडाडते. लढाई आणि बोलणं दोन्ही पाळीपाळीने चालतात. कोणी कुणाची वाट बघतोय असं प्रेक्षकाला वाटत नाही, कारण थांबल्या क्षणीही सामना चालूच असतो. फक्त हत्यार बदललेलं असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दशावताराच्या प्रेक्षकाला कथा आधीपासून माहीत असते. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. शेवट फुटला म्हणून कोणी रागावत नाही. वाद घालायचा तो कोणाचा राजपार्ट बघावा, कोणाची तलवार चपळ, कोणाचा संवाद पल्लेदार, कोण नुसताच ओरडतो, यावर. ‘गोष्ट चांगली’ या शब्दांचा इथला अर्थ पुढे काय होणार याच्याशी फारसा बांधलेला नाही. कोण कसा बोलला, मरताना कसा मेला, त्याच्या मरण्याला त्याच्या जगण्याचा काही आधार होता का, यावर गोष्टीचं मोल ठरतं. लोकलमधला जो मुलगा ‘विचर’च्या स्टोरीची बाजू घेतो, त्याला नीट ऐका. तोही कथानकातल्या वळणांपेक्षा त्यातल्या माणसांबद्दलच बोलत असतो.

आता घाट. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला, तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांपुढे, विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीकरांनी पाहिला होता आणि तसं काही मराठीत करावं अशी त्यांची इच्छा होती. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट आपापलं गद्य ऐनवेळी बोलायचे. दशावतारापासून हे काही फार लांब नव्हतं. पण लोकांच्या मनात भरला तो राक्षस. राळेचा भडका उडाला की तो आरोळी ठोकत शिरायचा, तलवार गरगरा फिरवायचा, नाचत नाचत लढायचा. १८५३ साली ही मंडळी मुंबईत आली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी त्याच वर्षी सुरू झाली होती, पण बोरघाटातून ती जायला १८६३ उजाडायचं होतं. घाटावरचा माणूस तेव्हा १८३० साली झालेल्या सडकेने घाट उतरून पनवेलला यायचा आणि इथल्या बंदरातून होडीने मुंबई गाठायचा.

पुढच्या वीस वर्षांत अशा नाटक मंडळ्यांचं पेव फुटलं आणि त्याबरोबर टीकाही सुरू झाली. इंग्रजी शिकलेल्या मंडळींनी या खेळांना ‘अलल्लल डुर्र’ असं नाव ठेवलं. राक्षसाची आरोळीच त्या सगळ्या नाट्यप्रकाराचं टोपणनाव झाली. तक्रार अशी: लढाई चिक्कार, कथेला बूड नाही, पात्रांना स्वभाव नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं. ते आधी लिहून मग करायचं नाटक होतं, आणि अशा नाटकांना ‘बुकिश’ म्हणू लागले. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या तोवर वाचकांच्या हातात पडल्या होत्या, आणि कल्पनेला वास्तवाचा लगाम हवा ही मागणी जोर धरत होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि गाण्याने सगळ्यांना जिंकलं. लेखी नाटकात तलवार हळूहळू मागे पडली.

बुकिश नाटकवाल्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे आपल्याला देवल, खाडिलकर यांच्यासारखे नाटककार मिळाले. पण एक नुकसान झालं आणि ते नुकसान फारसं कोणी मोजलं नाही. राक्षसाची लढाई वाईट होती, कारण ती आख्यानापासून सुटली होती. तिला पुन्हा आख्यानात बांधून घेण्याऐवजी तिलाच बाहेर काढलं. मग ज्यांना लढाई हवी होती ते तमाशाकडे, सर्कशीकडे, आणि पुढे फाळक्यांच्या सिनेमाकडे गेले. तिथे ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली हनुमान खरोखरच उडाला. ज्यांना गोष्ट हवी होती ते नाट्यगृहात राहिले. मराठी रसिकांत ‘मारामारीचं’ आणि ‘अर्थपूर्ण’ असे जे दोन खण पडले, ते तेव्हापासूनचे आहेत असं माझं मत आहे.

तिसरी वाट उलट्या क्रमाने आली. आपल्याकडे आख्यान आधी आणि लढाई त्याच्या पोटात. तिथे लढाई आधी होती, गोष्ट बऱ्याच काळाने आली.

बुद्धिबळ भारतातून इराणमार्गे युरोपात पोचलं. १७८० साली ब्रन्सविकच्या हेल्विगने त्याच पटाचा विस्तार करून सोळाशेच्या वर घरांचा युद्धपट बनवला, त्यात डोंगर, नद्या, तोफा घातल्या. १८२४ साली प्रशियाच्या लष्करातल्या राइसविट्झने नकाशावर खेळायचा युद्धखेळ तयार केला. फासा टाकून किती सैनिक पडले ते काढायचं आणि वाद झाला तर पंचाचा शब्द अखेरचा. हा पंच ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे तोच कथेकरी झाला.

ते घडलं १९६९ साली, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात. डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने आपल्या युद्धखेळाच्या मंडळासाठी ब्रॉनस्टाइन या काल्पनिक गावाचा डाव मांडला. दोन फौजा गावाबाहेर उभ्या. खेळाडू जास्त आणि सेनापती दोनच, म्हणून उरलेल्यांना त्याने गावातली माणसं करून टाकलं: कोणी नगराध्यक्ष, कोणी पेढीवाला, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. गावकरी पाळीची वाट बघेनात. ते कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागले, कट करू लागले. दोघे जण वेस्लीकडे आले आणि म्हणाले, आम्ही द्वंद्व खेळतोय, निकाल काय? त्याच्याकडे द्वंद्वाचा नियमच नव्हता. उभ्या उभ्या बनवावा लागला. फौजांची गाठ पडायच्या आधीच रात्र संपली. वेस्लीला वाटलं, डाव फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी?

या प्रसंगापाशी मी दर वेळी रेंगाळतो. कथानकाचे टप्पे ठाऊक, पात्रं वाटलेली, संवाद मात्र जागेवर रचायचे. मिनेसोटातल्या त्या खोलीत कोणी दशावताराचं नावही ऐकलेलं नसणार, तरी माणसाला सोंग दिलं की तो बोलू लागतो आणि बोलता बोलता तलवारीवर येतो, हे तिथेही घडलं. त्याच मंडळातला डेव्ह आर्नेसन पुढे ब्लॅकमूर नावाचा डाव चालवू लागला, गॅरी गायगॅक्सशी त्याची जोडी जमली आणि १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघालं. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ते ‘युद्धखेळाचे नियम’ म्हणूनच छापलेलं आहे. जन्मखूण तिथून पुसली गेलेली नाही. आजच्या गेममध्ये नायकाच्या डोक्यावर जी लाल पट्टी घाव बसेल तशी कमी होत जाते, तिचं मूळ आर्नेसनने स्वतः सांगितलं आहे: चिलखती जहाजांच्या लढायांचे जे नियम त्याने आधी केले होते, त्यात जहाज किती मार खाऊन बुडेल ते आकड्यात मोजायचे. तो आकडा त्याने माणसाला लावला. आज गेममधला राजा दहा घाव अंगावर घेऊन पहिल्याइतक्याच जोमाने लढत राहतो, आणि अकराव्याला एकदम कोसळतो. जहाजाचं तसं होत असेल. माणसाची गोष्ट अशी सांगता येत नाही, आणि ‘कटसीनमध्ये एका गोळीत मेला, लढाईत पन्नास कशा खाल्ल्या?’ हा जो प्रश्न पोरं विचारतात त्याची मुळी इथे आहे.

संगणकाने ही फट आणखी रुंद केली. १९७५च्या सुमारास अमेरिकन विद्यापीठांच्या प्लॅटो यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी असे खेळ लिहिले. यंत्राला आकडे जमतात, फासे जमतात; पंचासारखं समोरच्याचं बोलणं ऐकून उत्तर देणं जमत नाही. म्हणून लढाई तेवढी यंत्रात शिरली आणि गोष्ट मजकूर होऊन दोन लढायांच्या मधल्या जागेत बसली. १९८१ साली ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आले. ते खेळून वेडावलेल्या युजी होरीने जपानमध्ये १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला, पुढच्या वर्षी ‘फायनल फँटसी’ आला. पाळीचा कंटाळा तेव्हाच सुरू झालेला दिसतो: १९९१च्या चौथ्या ‘फायनल फँटसी’त पाळी घड्याळावर चालू लागली, तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू मारून मोकळा. १९९८च्या ‘बाल्डर्स गेट’ने तोडगा काढला, लढाई सलग चालेल, पण हवी तिथे थांबवा. १९९९चा ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ लिखाणासाठी आजही डोक्यावर घेतला जातो, आणि त्यातली लढाई कशी उरकायची याच्या युक्त्या त्याचे भक्तच एकमेकांना सांगतात. २०११च्या ‘डार्क सोल्स’ने उलट टोक गाठलं. तिथे गोष्ट कोणी सांगतच नाही. ती तलवारीच्या, अंगठीच्या दोन ओळींच्या वर्णनात पुरलेली असते, आणि हरणं, पुन्हा उठणं हाच त्या जगाचा वृत्तान्त होतो.

मग २०२३चा पावसाळा. जूनमध्ये ‘फायनल फँटसी १६’ आला. पाळीच्या घराण्यातल्या या वारसाने पाळी पूर्णपणे सोडली. ऑगस्टमध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ आला. सलग लढाईच्या घराण्यातल्या या वारसाने पाळी धरली. दोन जुनी घराणी सहा आठवड्यांच्या अंतराने एकमेकांच्या ओसरीवर जाऊन बसली. लोकलमधला तिढा मुख्यतः या अदलाबदलीने पेटला आहे.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचलं, आणि त्यालाही कारण आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या ज्या कॅसेट मिळत, त्यांत ‘काँट्रा’, ‘मारिओ’ असे लगेच रंगणारे खेळ असायचे. चाळीस तासांची कथा खेळायची तर काल कुठे थांबलो ते जपून ठेवावं लागतं. त्या स्वस्त कॅसेटमध्ये बहुधा ती सोय नसायची. पुढे सायबर कॅफे आले. तिथे तासाचे पैसे, शेजारी मित्र, मागे नंबर लावून उभी पोरं. ‘काउंटर-स्ट्राइक’ची फेरी चटकन संपायची. कथेचा गेम तिथे खेळणं परवडणारं नव्हतं. त्याला स्वतःचं यंत्र, स्वतःची खोली आणि कोणी उठवणार नाही अशी रात्र लागते. म्हणजे मराठी पोराच्या हातातही आधी लढाईच आली, आवडीने कमी आणि खिशाने जास्त. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला, फोन ताकदवान झाले, २०२०मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारखा अवाढव्य फँटसी गेम फोनवर फुकट आला. तेव्हा कुठे ज्यांनी दहा वर्षं नुसतं लढून काढलं होतं ते ‘पण हा असा का वागतो?’ असं एखाद्या पात्राबद्दल विचारू लागले.

त्याच वर्षी पुण्याने या वादात आपला गेम टाकला. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या छोट्या चमूने ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ आणला, ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर ठिकाणी. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. राजी ही खेळ करणारी, कसरती करणारी मुलगी. राखीच्या सणात असुर तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन निघते. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू, आपसात बोलत, पडद्यावरच्या छायाबाहुल्यांच्या सोबतीने. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमांत त्याला नामांकन मिळालं. आणि समीक्षा? चित्रं सुरेख, वास्तू सुरेख, पुराणाची मांडणी ताजी, पण लढाई अडखळते. १८६०–७०च्या दशकात लढाई भारी आणि आख्यान पोकळ अशी ओरड होती. दीडशे वर्षांनी नेमका उलटा शेरा मिळाला.

काटेकोर बोलायचं तर ‘राजी’ रोल-प्लेइंग गेम नाही, साहसी मारधाडीचा गेम आहे. त्यात बोलायचं काय हे खेळणारा ठरवत नाही. तरी मला त्याचं मोल मोठं वाटतं. राजी खांबावर चढून, भिंतीवरून धावून जो घाव घालते तो तिच्या कसरतीच्या पेशातून आलेला आहे. तिथे लढाईतून ती कोण आहे हे कळतं, आणि ते क्षण उत्तम आहेत. अडखळतात ते, जिथे घाव कोणाचाही असू शकला असता. २०२२मध्ये त्यांनी सुधारलेली आवृत्ती काढली. तीत लढाई दुरुस्त केली, दृश्यं नव्याने केली आणि हिंदी आवाज दिले. लढाई सुधारायला बसलेल्यांना त्याच बैठकीत बोलीही सुधारावीशी वाटली, हे मला फार बरोबर वाटतं.

मराठी आवाज त्यात नाही. तो पुढच्या कोणाला द्यायचा असेल तर माझी विनंती आहे: स्टुडिओत बसून लिहिलेली वाक्यं वाचून घेणारे गळे शोधू नका. एस्टोनियातून २०१९ साली आलेल्या ‘डिस्को एलिझियम’मध्ये नेहमीची लढाई जवळपास नाहीच, फासे पडतात ते बोलण्यावर, आणि एखादं वाक्य चुकलं तर घावासारखं लागतं. २०१५च्या ‘अंडरटेल’मध्ये समोरच्याला मारायचं की बोलून सोडायचं यावर सगळी गोष्ट फिरते. ज्या गोष्टीसाठी या दोन गेमांना जगाने नावाजलं ती दशावतारी नट रोज रात्री करतो, झांजेच्या दोन कडकडाटांच्या मधल्या जागेत, हातातली तलवार खाली न ठेवता. त्याला आख्यान सांगा, समोर राक्षस उभा करा, आणि मग ध्वनिमुद्रण सुरू करा.